शारदा झालेला केशव आणि कोल्हापूरचं जळलेलं थिएटर

चार-पाच वर्षांचं मूल म्हणजे किती असतं हो? अजून आईच्या पदराला धरून चालतं, रात्री उठून पाणी मागतं, भात कालवून द्यावा लागतो. आपण तर या वयाच्या मुलाला बालवाडीत सोडताना दाराशी घुटमळतो. अशा वयाचा केशव त्याच्या आईनं नाटक कंपनीच्या हवाली केला. हौसेपोटी नव्हे. घरात खायची भ्रांत होती, म्हणून. थोरला दत्तोबाही तिकडेच गेला. कंपनीत दोन वेळचं जेवण मिळेल, अंगावर कपडा मिळेल, गाण्याचं शिक्षण मिळेल, एवढाच हिशेब. त्या काळी नाटकवाल्यांना समाजात काडीचा मान नव्हता. पोर नाटकात घातलं म्हणजे वाया गेलं, असंच आळीत बोललं जायचं. तरी त्या माउलीनं ते केलं. तिच्या पोटात काय कालवलं असेल, ते कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. मला मात्र केशवराव भोसल्यांचं चरित्र वाचताना दर वेळी आधी तीच आठवते.

केशवराव जन्मले कोल्हापुरात, ९ ऑगस्ट १८९० ला. आणि गेले ४ ऑक्टोबर १९२१ ला, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी. म्हणजे आपल्या घरातल्या एखाद्या मुलाचं लग्न ठरायचं वय. एवढ्याशा आयुष्यात या माणसानं जे केलं, ते बघून थक्क व्हायला होतं. कोल्हापूरच्या खासबागेजवळच्या जुन्या पॅलेस थिएटरला त्यांचं नाव दिलं, ते उगीच नाही. आणि ते थिएटर २०२४ मध्ये जळालं, तेव्हा कोल्हापूरकर घरचं माणूस गेल्यासारखे रडले, तेही उगीच नाही. पण आगीचं नंतर सांगते. आधी केशवची गोष्ट.

जनुभाऊ निमकरांच्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत हा पोरगा वाढला. नाटक कंपनीचं आयुष्य म्हणजे कायमचं फिरतं बिऱ्हाड. आज या गावी, महिन्यानं त्या गावी. ट्रंका, पडदे, तंबोरे, भांडीकुंडी, आचारी, सगळं बरोबर. रात्रभर नाटक चालायचं, सकाळी झोप, दुपारी तालीम. चुकलं की मार. गोड गळ्याच्या मुलांचे कंपनीत लाडही व्हायचे आणि राबवूनही तेवढंच घेतलं जायचं, कारण तिकिटं खपायची ती त्यांच्याच गळ्यावर. केशवचा गळा तर विलक्षण! पट्टी उंच, आवाज धारदार, तान विजेसारखी. तेव्हा ना माईक, ना स्पीकर. नाटकगृहाच्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचायचा तो फुफ्फुसाच्या जोरावर.

आणि मग त्याला मिळाली शारदेची भूमिका.

'संगीत शारदा' हे नाव आपल्याला आई-आजीकडून माहीत असतं. गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं. पैशाच्या लोभानं बाप आपल्या कोवळ्या लेकीचं लग्न थेरड्याशी लावायला निघतो, अशी त्याची कथा. भुजंगनाथ हा म्हातारा नवरदेव, कांचनभट हा बाप, मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित. ही काही कल्पनेतली गोष्ट नव्हती. अशा शारदा तेव्हा घरोघरी होत्या. आपल्या पणज्यांच्या पिढीत डोकावून बघा, एखादी तरी सापडेल, जिचा नवरा तिच्या बापापेक्षा मोठा होता आणि जी न्हाण येण्याआधीच विधवा झाली. मुलींच्या लग्नाचं वय कायद्यानं चौदा ठरलं ते १९३० पासून. त्या कायद्याचं नाव 'शारदा कायदा', पण ते या नाटकावरून पडलेलं नाही बरं का. तो कायदा आणणाऱ्या हरबिलास सारडांच्या नावावरून पडलं. तरी महाराष्ट्रातल्या बायकांनी मनातल्या मनात ते नाव आपल्याच शारदेशी जोडून टाकलं असेल, तर त्यांना दोष कोण देईल?

तर ही शारदा केशव करायचा. बायका रंगभूमीवर येणं तेव्हा कुलीन समाजाला मान्यच नव्हतं, म्हणून मुलगेच लुगडं नेसून उभे राहायचे. केशव ती भूमिका करू लागला तेव्हा तो स्वतः शारदेच्याच वयाचा होता. मला वाटतं, त्याच्या शारदेचं मर्म इथंच आहे. मोठा पुरुष बाईचं सोंग आणतो तेव्हा ठुमका येतो, लाडिकपणा येतो. इथे होतं एक लेकरू. त्यालाही घरातून उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवलेलं. त्याचंही मत कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या गळ्यातून शारदेचं दुःख आलं तेव्हा ते खोटं कसं वाटेल? हे आपलं माझं म्हणणं हं, समीक्षकांचं नव्हे. पण केशवची शारदा गाजली, इतकी गाजली की मूळ किर्लोस्कर कंपनीच्या प्रयोगाशी लोक तिची तुलना करू लागले. कंपनीची गल्लापेटी त्याच्यामुळे भरू लागली.

जो कमावतो त्याला एक दिवस वाटतंच, की आपलं स्वतःचं काही असावं. १ जानेवारी १९०८ ला हुबळीत 'ललितकलादर्श' ही नवी नाटक कंपनी निघाली. केशवराव तेव्हा सतरा वर्षांचे. सतरा! आजच्या हिशेबानं बारावीचा मुलगा. पदरी माणसं, डोक्यावर कर्ज, परमुलूख, आणि समोर किर्लोस्करांसारख्या बलाढ्य कंपन्या. थोरले बंधू दत्तोबा बरोबर होते. बालगंधर्व तेव्हा किर्लोस्करांत नुकते उदयाला येत होते. केशवरावांपेक्षा ते दोन वर्षांनी मोठे. पुढं या दोन नावांभोवती अख्खा महाराष्ट्र दोन तटांत वाटला गेला. गंधर्वांचं गाणं लोण्यासारखं, केशवरावांचं तलवारीसारखं. कुणाला काय आवडावं, त्यावरून घराघरांत भांडणं व्हायची म्हणे. आपल्याकडं लता-आशावरून व्हायची तशीच असणार.

केशवरावांचं कौतुक अनेकांनी गाण्यासाठी केलं आहे. मला त्यांच्या कंपनीनं निवडलेली नाटकं जास्त मोलाची वाटतात. देवादिकांच्या कथा आणि नाच-गाणं यावर कंपनी सुखानं चालली असती. पण मामा वरेरकर या तेव्हाच्या नव्या लेखकाचं 'हाच मुलाचा बाप' त्यांनी घेतलं. विषय कुठला? हुंडा! मुलाचा बाप कसा बाजार मांडतो, ते थेट रंगमंचावर. प्रेक्षकांत बसलेल्या किती वरबापांना घाम फुटला असेल, विचार करा. वीर वामनराव जोश्यांच्या 'राक्षसी महत्त्वाकांक्षा'त त्यांनी मृणालिनी केली. वरेरकरांचंच 'संन्याशाचा संसार'ही कंपनीनं केलं. रामकृष्णबुवा वझ्यांसारखा घराणेदार गवई पदांना चाली द्यायला होता. त्यामुळे नाट्यगीतांच्या चाली नुसत्या गोड राहिल्या नाहीत, त्यांना राग-रागिण्यांचा कणा आला. पुढं केशवराव स्त्रीभूमिकांतून पुरुषभूमिकांकडे वळले. हे सोपं नसतं. ज्या रूपावर लोकांनी प्रेम केलं ते रूप आपणहून उतरवून ठेवायचं, आणि लोकांनी तरी आपल्याकडं यायला हवं. ते आले.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट आहे जी केशवरावांबद्दल बोलताना हमखास राहून जाते. हिराबाई पेडणेकर हे नाव तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलंय? मराठी रंगभूमीवरच्या अगदी पहिल्या स्त्री नाटककारांपैकी त्या एक. मूळच्या सावंतवाडीकडच्या, नायकिणीच्या घरातल्या. शिकलेल्या, गाणं जाणणाऱ्या. त्यांच्या घरी त्या काळातले मोठमोठे साहित्यिक येत-जात. त्यांच्या बुद्धीचं कौतुक खाजगीत सगळे करत, पण त्यांचं नाटक रंगभूमीवर आणायचं म्हटलं की मंडळी गप्प. बाई, त्यातून अशा घरातली. तिचं नाव जाहिरातीच्या कागदावर कुणी छापावं? त्यांचं 'संगीत दामिनी' हे नाटक १९१२ साली रंगभूमीवर आणलं ते केशवरावांच्या ललितकलादर्शनं. बावीस वर्षांच्या या तरुण मालकाला लोक काय म्हणतील याची भीती वाटली नसेल, असं नाही. कंपनी कर्जावर चालायची, एक नाटक पडलं की दिवाळं. तरी त्यानं ते घेतलं. बाईनं लिहिलेलं नाटक, ते करणारे सगळे पुरुष, बाईच्या भूमिकेत लुगडं नेसलेला पुरुष, आणि बघायला बायका वेगळ्या बसलेल्या. काळ असा होता! हिराबाई पुढं गुहागरजवळच्या पालशेतला जाऊन राहिल्या आणि तिथेच १९५१ मध्ये गेल्या. रंगभूमीपासून दूर, जवळजवळ विसरलेल्या. वसंत कानेटकरांनी पुढं त्यांच्या आयुष्यावरून 'कस्तुरीमृग' लिहिलं, तेव्हा कुठं पुन्हा नाव निघालं.

आता थिएटरकडं येऊ.

कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते. रोमचं ते प्रचंड वर्तुळाकार मैदान त्यांनी पाहिलं आणि आपल्या गावी कुस्त्यांसाठी तसं काही असावं असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यातून खासबाग मैदान झालं. शेजारीच १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर उभं राहिलं. एका बाजूला लाल मातीचा आखाडा, दुसऱ्या बाजूला रंगमंच, आणि दोघांची पाठ एकमेकींना टेकलेली. तालीम या शब्दाचे आपल्याकडं दोन अर्थ आहेत ना, पैलवानाची आणि नटाची, ते दोन्ही कोल्हापुरात एकाच भिंतीच्या अल्याड-पल्याड नांदले. दगडी जाडजूड भिंती, वर लाकडी सांगाड्याचं छप्पर. आवाज घुमावा पण फुटू नये, यासाठी बांधकामातच काळजी घेतलेली. माईक नसलेल्या काळातलं ते नाटकगृह. म्हणजे केशवरावांच्या गळ्यासाठीच जणू शिवलेला अंगरखा!

शाहू महाराजांचा केशवरावांवर फार जीव. आपल्या गावचा, गरिबीतून वर आलेला, बहुजन समाजातला मुलगा. त्याला त्यांनी हात दिला. एक प्रसंग कोल्हापुरात अजून सांगतात. तिकीट काढून थिएटरात येणं ज्यांना परवडत नाही त्यांनीही केशवरावांचं नाटक बघावं, म्हणून महाराजांनी खासबागेच्या मैदानातच 'मृच्छकटिक'चा खुला प्रयोग करवला. उघडं आभाळ, हजारो माणसं, खेड्यापाड्यांतून गाड्या जुंपून आलेली. आणि माईक नाही. आपल्याकडं लग्नाच्या हॉलमध्ये मंगलाष्टकं म्हणायलासुद्धा माईक लागतो! त्या मैदानात केशवराव गायले आणि लोकांनी ऐकलं.

मग आला ८ जुलै १९२१. मुंबईचं बालीवाला थिएटर. टिळक स्वराज्य फंडासाठी पैसा उभा करायचा होता. केशवराव आणि बालगंधर्व, एकमेकांचे स्पर्धक, दोन वेगळ्या कंपन्यांचे मालक, एका रंगमंचावर उभे राहिले. नाटक खाडिलकरांचं 'मानापमान'. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत गेला आणि तरी जागा पुरली नाही. एका रात्रीत १६ हजारांच्या वर रुपये जमले. त्या काळचे रुपये! कोण कोणावर मात करतो हे बघायला लोक आले होते. आपल्या बाजूच्या नटाला टाळ्या द्यायच्या तयारीनं आले होते. जुगलबंदी तर झालीच. पण दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं, असं जुनी माणसं सांगत. ज्याच्यावर आपलं पोट आहे ते गाणं आपण देशासाठी एक रात्र फुकट द्यावं, तेही प्रतिस्पर्ध्याशेजारी उभं राहून. आजच्या किती जणांना जमेल?

त्यानंतर तीन महिनेसुद्धा झाले नाहीत. विषमज्वर, म्हणजे आपला टायफॉइड. आज आठ दिवसांच्या गोळ्यांत उतरतो तो ताप. तेव्हा त्यावर औषध नव्हतं. ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. नाटक कंपनीला मालक गेला की ती फुटते, माणसं पांगतात, सामानाचा लिलाव होतो. ललितकलादर्शचं तसं झालं नाही. कंपनीतलेच बापूराव पेंढारकर पुढं झाले आणि त्यांनी ती पेलली. 'सत्तेचे गुलाम'सारखी वरेरकरांची नाटकं त्यांनी नेटानं केली. बापूराव १९३७ मध्ये गेले. मग त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी कंपनीत पुन्हा प्राण फुंकला. 'दुरितांचे तिमिर जावो' आपल्यापैकी अनेकींच्या आयांनी पाहिलेलं आहे. हुबळीत एका सतरा वर्षांच्या मुलानं लावलेलं रोप २००८ मध्ये शंभर वर्षांचं झालं.

शाहू महाराजही केशवरावांपाठोपाठ, मे १९२२ मध्ये गेले. थिएटर राहिलं. मध्यंतरी त्यात सिनेमे लागले, संस्थान गेलं, महापालिका आली, केशवरावांचं नाव लागलं. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या बायकांसाठी ते 'भोसले'. भोसलेला नाटक लागलंय, एवढं म्हटलं की कळायचं. मी सासरी आले ते त्याच भागात. आमच्या भिशीच्या बायका वर्षातून एकदा नाटकाला जायच्या. सगळं गणित शेवटच्या एसटीवर. तिसरा अंक संपायच्या आत निम्म्या जणी चपला शोधू लागायच्या. त्यामुळे कितीतरी नाटकांचा शेवट मला शेजारणीनं दुसऱ्या दिवशी पाणी भरताना सांगितलाय!

८ ऑगस्ट २०२४, गुरुवारची रात्र. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. त्याच रात्री थिएटर पेटलं. छप्पर कोसळलं, रंगमंच गेला, पडदे, खुर्च्या, सगळ्याचा कोळसा झाला. खासबागेकडच्या बाजूलाही झळ बसली. आगीच्या आधी काही वर्षंच तिथं मोठं नूतनीकरण झालं होतं, तेही गेलं. उरल्या त्या १९१५ सालच्या दगडी भिंती. टीव्हीवर आम्ही बघत होतो. रस्त्यावर उभे राहून मोठमोठी माणसं, पडदे ओढणारी, दिवे लावणारी, तोंडाला रंग लावणारी, हुंदके देत होती. काही आठवड्यांनी मी कामासाठी कोल्हापूरला गेले तेव्हा बाहेरून बघून आले. दगड काळे ठिक्कर. आतून आभाळ दिसत होतं. गाभाऱ्याला कळस नसावा तसं.

राज्य सरकारनं पुन्हा बांधण्यासाठी २० कोटी जाहीर केले. कलावंतांनी आणि गावानं एकच हेका धरला, की थिएटर होतं तसंच हवं. आता 'तसंच' म्हणजे काय, यात खरी मेख आहे. आगीत तापलेला दगड वरून साबूत दिसला तरी आतून तडकलेला असू शकतो. सांध्यांतला चुना भाजून भुसभुशीत होतो. म्हणून आधी भिंत न् भिंत तपासावी लागते, कुठला दगड ठेवायचा, कुठला बदलायचा ते ठरवावं लागतं. जुन्या घराची डागडुजी केलेल्या बाईला हे सांगायला नको. नवं बांधणं सोपं, जुनं राखणं अवघड. घाई केली की गवंडी सिमेंट थापून मोकळा होतो आणि चुन्याची भिंत आत ओल धरून बसते. छताची उंची, उतार, लाकूड यांत फरक पडला की आवाजही बदलतो. आणि जळून पुन्हा उभं राहणारं थिएटर आधी आगीपासून सुरक्षित हवं. वायरिंग, पाण्याची सोय, बाहेर पडायचे दरवाजे. ते १९१५ सालासारखं असून चालणार नाही.

या सगळ्या चर्चेत मी बायकांचं बोलणं शोधत होते. फारसं सापडलं नाही. म्हणून इथं लिहिते. थिएटर बांधताना बायकांच्या स्वच्छतागृहाला कोपऱ्यातली उरलेली जागा देऊ नका. मी एका नाट्यगृहात मध्यंतराची पंधरा मिनिटं नुसती रांगेत काढली आहेत आणि दुसऱ्या अंकाचा सुरुवातीचा भाग हुकलाय. ते नाट्यगृह कुठलं ते सांगत नाही, कारण तुम्ही जिथं जाता तिथंही तेच असेल. पायऱ्यांना कठडा हवा, गुडघे दुखणाऱ्या सासवांना वर चढता यावं म्हणून. कलाकार बायकांना कपडे बदलायची वेगळी, आतून कडी लागणारी खोली हवी. आणि प्रयोगाची वेळ ठरवताना शेवटच्या एसटीचाही विचार व्हावा.

आणखी एक. नव्या थिएटरात शिरल्याबरोबर केशवरावांची तसबीर असणार, शाहू महाराजांची असणार, ती हवीच. त्यांच्या शेजारी हिराबाई पेडणेकरांची एक लावा. खाली 'संगीत दामिनी' एवढंच लिहा, आणि साल.